आबांची जपानीण

“जरा गप ऱ्हावा सगळी,” आबा म्हणाले आणि चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले.

सगळी म्हणजे आम्ही दोघंच होतो: मी आणि गाडीचे मालक डॉक्टर हत्तरकी. डॉक्टर जनावरांचे. निवृत्त होऊन हुबळीला मुलाकडे कायमचे निघाले होते, आणि गडहिंग्लजच्या घराबरोबर पत्र्याच्या शेडमधली ही जपानी गाडीही विकून मोकळं व्हायचं त्यांच्या मनात होतं. नव्व्याण्णव सालचं मॉडेल. रंग एके काळी मोतिया असावा. बारा वर्षांची जुनी गाडी म्हणून त्यांनी पंच्याण्णव हजार सांगितले होते, आणि मी आबांना न विचारताच मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं.

“साहेब, ह्ये इंजिन न्हवं, घड्याळ हाय,” आबा डोळे उघडून म्हणाले.

“जपानी आहे ना!” डॉक्टर खूश झाले. “वेळेवर ऑइल बदला, दुसरं काही मागत नाही ती. आमच्या घरात इतकं कमी कुणीच मागितलं नाही.”

आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बैल घेताना पाठीवरून हात फिरवतात तसा पत्र्यावरून हात फिरवत गेले. टायर लाथेनं ठोकून बघितले. मग आत बसले आणि ओरडलेच, “अगं शैला, ही काय गाडी म्हणायची? आरामखुर्ची हाय ही! रस्ता कुठाय?”

डॉक्टर हसले, मीही हसले. बत्तीस वर्षं एसटीच्या उंच सीटवर बसलेल्या माणसाला एवढ्या खालून रस्ता कसा दिसणार, असंच आम्हाला वाटलं.

आबांना सारा तालुका मगदूम ड्रायव्हर म्हणून ओळखायचा. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस गडहिंग्लज, आजरा, आंबोली या एकाच रस्त्यावर गेली, आणि एकही अपघात नाही. कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, असं ते सांगायचे. विनाअपघात सेवेचा बिल्ला आईनं देव्हाऱ्यात ठेवला होता, त्यामुळे आमच्या घरी अंबाबाईच्या बरोबरीनं त्यालाही रोज हळदकुंकू लागायचं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आई गेली. आबा अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले ते बसलेच. ताट पुढं केलं तर जेवायचे, नाहीतर भूक लागल्याचंही सांगायचे नाहीत. मी त्यांची एकुलती एक, चौतीस वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या अलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते. दोन बस बदलून परत येईपर्यंत साडेसात व्हायचे. फाटक उघडलं की तीच खुर्ची आणि तोच माणूस, दिवासुद्धा न लावता बसलेला. एक दिवस मी हाक मारीन आणि खुर्चीतून ओ येणार नाही, याची मला भीती वाटायची. गाडी मी त्या भीतीपोटी घेतली. मला चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मला ड्रायव्हर हवा होता असं मी सगळ्यांना सांगितलं, खरं तर आबांना ड्युटी हवी होती.

आणि ड्युटी लागल्याबरोबर माणूस उठून बसला. पहाटे पाचला दाढी, इस्त्रीचा शर्ट, रेडिएटर, ऑइल, हवा. गाडीचं नाव त्यांनी जपानीण ठेवलं. “जपानीण नटली काय?” असं विचारत ते तिला रोज धुवायचे आणि शेजारच्या सुमनकाकू खिडकीतून ओरडायच्या, “आबा, बायकोला कधी एवढं घासूनपुसून ठेवलं न्हाईसा!” आबा लाजून हसायचे. आई गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. मला त्या गाडीचे पाय धरावेसे वाटायचे.

सुटायची वेळ सात चाळीस. एकोणचाळीसला आबा स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचे आणि समोर बघत म्हणायचे, “बेल दे.”

मी डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायची. मगच क्लच सुटायचा.

“ड्रायव्हरनं बेलबिगर गाडी हलवायची न्हाई,” ते मला शिकवायचे. “आणि कंडक्टर म्हंजे ड्रायव्हरचा डावा डोळा. त्या अंगाला काय चाललंय ते त्यानंच सांगायचं. बाळू कंडक्टर व्हता माझ्यासंगट, तवा मी डावीकडं कधी बघितलंच न्हाई बघ.”

“म्हणजे मी आता बाळू?”

“बाळू मिशीवाला व्हता. तुला जमायचं न्हाई त्येवढं.”

रस्ता त्यांना तोंडपाठ होता. वळण यायच्या आधीच ते म्हणायचे, आता डावं वळण, मग नाला, मग चिंचेचं झाड, झाडाखाली खड्डा. खड्डा यायचाच. मी कौतुकानं ऐकायची. दिवसभर ते रुग्णालयाच्या आवारात अँब्युलन्सच्या ड्रायव्हरबरोबर पत्ते कुटायचे आणि संध्याकाळी मला घेऊन परत. वाटेत विचारायचे, “त्या पाटीवर नवीन काय लिवलंय गं?” मी वाचून दाखवायची. म्हातारी माणसं चौकस असतात, असं मी स्वतःला सांगायची.

चार महिन्यांनी डावा आरसा गेला. आमच्याच फाटकाला लागून. मग डाव्या दारावर हातभर ओरखडा आला, मग मागच्या डाव्या मडगार्डला पोचा. इंजिनानं मात्र एकदाही कुरकुर केली नाही. इम्तियाज मेस्त्रीनं कोल्हापूरहून भंगारातल्या गाडीचा आरसा काढून आणला, तो दीड महिन्यात फुटला, मग त्यानं दुसरा आणला. तिसऱ्या वेळी तो कपड्याला हात पुसत म्हणाला, “आबा, राग मानू नका, पण समदं डावीकडंच कसं काय लागतंय?”

“डावीकडनं चालणारी लोकं बेशिस्त झाल्यात,” आबा म्हणाले.

“आणि फाटक? ते कवापासनं चालाय लागलं?”

दुसरा कुणी असता तर आबांनी त्याची बिनपाण्याची केली असती. पण ते टपरीकडे चहा सांगायला निघून गेले. इम्तियाज माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “ताई, गाडी ठणठणीत हाय. गाडीत काय दोष न्हाई.” मी ‘बरं’ म्हणाले आणि त्याची मजुरी दिली. त्यानं काय म्हणायचं टाळलं ते विचारलं नाही.

पण ते कळायला फार दिवस लागले नाहीत. आता आबा नाहीत, त्यामुळे सांगायला हरकत नाही. आणि सांगायचं ते त्यांच्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दलच जास्त आहे.

ऑगस्टमध्ये विम्याचे कागद शोधायला मी डॅशबोर्डचा खण उघडला. गाडीच्या माहितीपुस्तकाखाली चार घड्या घातलेली एक चिठ्ठी होती. गावात जूनमध्ये मोफत नेत्रतपासणीचं शिबिर झालं होतं, तिथली. नाव दत्ताजी रामचंद्र मगदूम, वय एकसष्ट. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. बाजूची नजर बरीचशी गेलेली. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात दाखवावे. शेवटच्या ओळीखाली डॉक्टरांनी पेनानं दोन रेघा मारल्या होत्या: वाहन चालवू नये.

मी रुग्णालयात काम करणारी बाई. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, पण औषधाचे थेंब वेळेवर सुरू केले तर उरलेली टिकवता येते, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी चिठ्ठी दोनदा वाचली. होती तशाच चार घड्या घातल्या आणि होती तिथंच ठेवून दिली. आज बोलू, असं ठरवून मी बाहेर आले, तर आबा बादली घेऊन गाडीच्या काचा पुसत होते आणि कुठलंसं जुनं भजन गुणगुणत होते. माझ्या डोळ्यांपुढं ती खुर्ची आली. गणपती होऊ देत, मग बोलू. मग दसरा. मग दिवाळी. खोटं कशाला सांगू, त्यात माझी सोयही होती. दोन बस, तिष्ठणं, उभ्यानं प्रवास, हे सगळं सुटलं होतं. सहाला घरी येऊन मी निवांत चहा प्यायची. आबांच्या सुखाचं कारण मला फार सोयीचं पडलं होतं.

बोलायच्या ऐवजी मी दुसरंच सुरू केलं.

“आबा, डावीकडं दोन सायकली आहेत.”

“हं,” म्हणून त्यांनी गाडी किंचित उजवीकडं घेतली.

“पुढं शेळ्या. डाव्या हाताला. एक मध्ये येतेय.”

“हं.”

एवढं सगळं तू मला का सांगतेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मी शाळा सुटायची वेळ, उसाची ट्रॉली, कुत्रं, सगळं सांगत सुटले. त्यांच्या ‘हं’मधून मला कळायचं, हे दिसलं होतं आणि हे दिसलं नव्हतं. दिवाळीनंतर एकदा घरी पोचल्यावर गाडी बंद करून ते तसेच बसून राहिले आणि म्हणाले, “बाळूपरास चांगलं काम करतीस तू.”   त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर झालो होतो, आणि हे किती दिवस चालेल याचा विचार दोघांपैकी कुणीच करत नव्हतं.

फेब्रुवारीत आजऱ्याच्या पुढं रस्ता रुंद करायचं काम निघालं. चिंचेचं झाड गेलं, नाल्यावरची मोरी फोडली, डाव्या अंगाला खडीचे ढीग पडले. आबांचा तोंडपाठ रस्ता एका आठवड्यात पुसला गेला. ते गाडी हळू चालवायला लागले. हात स्टिअरिंगला घट्ट धरलेले, पाठ सीटला न टेकलेली. मी बोलून बोलून थकायची.

“आबा, काम संपेपर्यंत बसनं जाऊ या का?” मी एकदा विचारलं.

“का? माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?”

त्यांचा आवाज असा आला की मी विषय बदलला.

त्या दिवशी सोमवार होता. साडेआठ वाजले असतील, ऊन समोरून नव्हतं, रस्त्यावर गर्दी नव्हती, कसली म्हणजे कसलीही सबब नव्हती. पर्समध्ये माझा मोबाईल वाजला. रुग्णालयातून फोन असणार, शनिवारच्या एका रिपोर्टचा घोळ झाला होता. मी मान खाली घालून पर्स धुंडाळायला लागले. रुमाल, डबा, चाव्यांचा जुडगा, आणि फोन काही हाताला लागेना. दहा सेकंद गेले असतील. मी मान वर केली तर गाडीच्या डाव्या कोपऱ्यापुढं लाल लुगडं होतं आणि त्यावर डोक्यावरचं खडीचं घमेलं.

“आबा! उजवीकडं! उजवीकडं घ्या!”

मी किंचाळले. आबांनी स्टिअरिंग फिरवलं, ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, ती जुनी गाडी ब्रेकला कधीच कमी पडली नाही. पण डाव्या बाजूनं धप्प असा आवाज आला, घमेलं बॉनेटवर आपटून काचेपर्यंत खडी उडाली आणि लाल लुगडं दिसेनासं झालं.

आबा समोर बघत होते. “काय झालं?” त्यांनी विचारलं. “शैला, काय झालं? काय लागलं?”

बाई खडीच्या ढिगावर पडली होती. पन्नाशीची असेल. उजवा हात कोपराखाली भलत्याच कोनात वळला होता, कपाळ खरचटलं होतं. बाकीच्या बाया धावत आल्या. मी तिचा हात हलू न देता ओढणीनं बांधला. ती कण्हत होती आणि कानडीत काहीतरी परत परत म्हणत होती. तेवढ्यात मुकादम मोटारसायकलवरून आला. डोणकर त्याचं नाव, आजऱ्याचा. आल्या आल्या कुणाची गाडी म्हणून त्यानं शिवी घातली आणि आबांना बघून जीभ चावली.

“मगदूम काका? तुम्ही?” तो मोटारसायकल टाकून पुढं आला. “अहो, तुमच्या गाडीनं पाच वर्षं कॉलेजला गेलो मी! बसा, बसा तुम्ही. पाणी आण रे कुणीतरी.” मग तो बाईकडं वळला. “ए कस्तुरव्वा! रस्त्यात यायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं का न्हाई? ह्या माणसाच्या हातनं बत्तीस वर्षांत मुंगी मेली न्हाई. ह्यांची चूक असंल व्हय? तूच आडवी आली असणार. आता बस घरात, उद्यापासनं कामाला नगंस.”

आबा गाडीला टेकून उभे होते.  मी डोणकरला सांगायला हवं होतं की बाई रस्त्यात नव्हती, ती चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडं, कडेला होती. मी मान वर केली तेव्हा मी ते स्वच्छ बघितलं होतं. पण मी म्हणाले, “आधी दवाखान्यात नेऊ या.” आणि आतून मला हायसं वाटलं, हेही खरं आहे. डोणकर आम्हाला सोडवत होता.

गाडी त्यानंच चालवली. कस्तुरव्वाला पुढच्या सीटवर बसवलं. मागं माझ्या शेजारी आबा बसले, हात मांडीवर घेऊन. 

डॉक्टरांनी फोटो काढला, हाड मोडलं होतं, बाकी जिवाला धोका नव्हता. कच्चं प्लास्टर घालून तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. अपघाताची केस म्हणून पोलीस चौकीला कळवावं लागतं. तासाभरात एक हवालदार वही घेऊन आला. तो दारातूनच आबांच्या पाया पडायला वाकला. त्याचा बाप एसटीत आबांच्या बरोबरीचा निघाला. डोणकर त्याच्याजवळ जाऊन कुजबुजला, आणि दोघांनी माना डोलावल्या.

आबा मात्र कस्तुरव्वाजवळ जाऊन बसले होते. निपाणी, बेळगावच्या फेऱ्यांमुळे त्यांना कानडी येत होतं. ते हळू आवाजात तिला काहीतरी विचारत होते आणि ती सांगत होती. मध्येच ती बाकावरून उठली आणि डाव्या हातानं आबांच्या पायांना शिवायला वाकली. आबा पटकन उभे राहिले.

“काय म्हणतीया ती?” हवालदारानं विचारलं.

“माफी मागतीया,” आबा म्हणाले. “गाडीचा पत्रा चेपला म्हणून. आणि कामावरनं काढू नका, असं मुकादमाला सांगा म्हणतीया.”

“चूक कळली म्हणायची तिला,” डोणकर म्हणाला.

“झालं तर मग.” हवालदारानं वही उघडली. “आबा, मी लिहून टाकतो. गाडी सावकाश आपल्या बाजूनं चालली होती, बाई अचानक आडवी आली. तुमची सही झाली की विषय संपला. बाईच्या औषधपाण्याचं डोणकर बघतील.”

तो लिहायला लागला.  मी लॅबच्या दाराशी उभी होते. संपू दे, असं मी मनात म्हणत होते. आज संपू दे, आज घरी गेल्यावर आबांना सगळं सांगते, उद्याच कोल्हापूरला डोळे दाखवायला नेते, गाडी विकून टाकते. फक्त हे एवढं निभावू दे.

“खोडा त्ये,” आबा म्हणाले.

“काय खोडू?”

“बाई आडवी आली न्हाई. ती कडंला उभी व्हती, तिला जिथं उभं केलं व्हतं तिथंच. मी तिच्या अंगावर गेलो.”

“आबा, असं कसं? तुम्हाला बिल्ला मिळालाय…”

“बिल्ला काय रस्त्याकडं बघतोय व्हय? मी बघतो. आणि मला दिसत न्हाई.” आबांचा आवाज चढला नाही. गाडीतला बिघाड मेस्त्रीला सांगावा तसे ते सांगत होते. “डाव्या अंगाचं कायबी दिसत न्हाई. उजव्याचंबी न्हाईच म्हणा. फकस्त म्होरं, नळीतनं बघितल्यागत. काचबिंदू हाय. जूनमधी डाक्टरनं लिवून दिलंय, गाडी चालवू नका म्हणून. मी चालवली.”

 डोणकर खाली बघायला लागला. आबा त्याला म्हणाले, “ही बाई कामावर ऱ्हायला पायजे बघ. हात बरा हुईस्तवर तिला बसायचं काम दे.”

“देतो काका. पाण्याच्या टाकीवर बसवतो,” डोणकर कसाबसा म्हणाला.

कस्तुरव्वाला मराठी कितपत कळत होतं कोण जाणे. ती माझ्याकडं बोट करून आबांना काहीतरी म्हणाली. हवालदारानं परत विचारलं, काय म्हणते. आबांनी सांगितलं, “म्हणतीया, ती पोरगी वरडली म्हणून मी मागं सरले. न्हाईतर मेलेच असते. देव तिचं भलं करो, म्हणतीया.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

हवालदारानं पान उलटलं. माझ्याकडं वळला तेव्हा त्याचा सूर बदलला होता, सरकारी झाला होता. “ताई, गाडी तुमच्या नावावर आहे. वर तुमची नोकरी सरकारी. आबांना दिसत नाही हे माहीत असून तुम्ही गाडी त्यांच्या हातात दिली असेल, तर प्रकरण तुमच्यावरसुद्धा येतं. रोज शेजारी बसत होता तुम्ही. तुम्हाला हे ठाऊक होतं का?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येत नाही. हो म्हणणार होते असं मी पुष्कळ वेळा स्वतःला पटवून बघितलं आहे, पण ते पटत नाही.

“तिला काय ठाऊक?” आबा मध्येच म्हणाले. “ती बिचारी दवाखान्यातनं घरी, घरातनं दवाखान्यात. मी लपवलं तिच्यापासनं. चिठ्ठीसुदीक लपवली. असं लिवा, मुलीला ह्यातलं कायबी म्हाईत नव्हतं.”

“तुम्ही थांबा आबा. ताईंना सांगू दे.”

आबांनी अंदाजानं माझ्याकडं तोंड केलं. मी दारात जरा बाजूला उभी होते, त्यांच्या नजरेच्या नळीत मी नव्हते. ते माझ्या शेजारच्या भिंतीकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी होती. बत्तीस वर्षांचं नाव त्यांनी आत्ता चार माणसांपुढं स्वतःच्या हातानं पुसलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना काही वाटलेलं दिसत नव्हतं. मी काय म्हणते, याचीच त्यांना धास्ती होती.

“नव्हतं माहीत,” मी म्हणाले.

आबांनी श्वास सोडला. हवालदारानं लिहून घेतलं, सगळा जबाब वाचून दाखवला आणि वही आबांच्या पुढं धरली.

“कुठं करायची?” आबांनी कागदावर हात फिरवत विचारलं.

मी पुढं गेले. त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं. बोट थंडगार होतं. बरोबर त्याच्या वर ओळ होती: मुलीस याची काहीही कल्पना नव्हती. आबांनी जपून, अक्षर अक्षर लावत सही केली. मग हवालदारानं पेन माझ्याकडं दिलं, आणि साक्षीदार म्हणून मी त्याच्या खाली माझं नाव लिहिलं.